तांबडी पट्टी आली आणि गेली

प्रियदर्शनी बनसोडे मूळची कवठे महांकाळची. त्या भागात पाण्याची भीती म्हणजे पाणी न येण्याची भीती. टँकरचा हॉर्न ऐकू आला की हातातलं काम टाकून घागर घेऊन पळायचं, एवढीच लहानपणी तिची पाण्याशी ओळख. पाणी आपण होऊन दारात येतं, घरात शिरतं आणि त्याला भिऊन माणसं घर सोडतात, हे तिला सांगलीला राहायला आल्यावर कळलं. तोवर तिची नजर गेलेली होती.

नजर एकदम गेली नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. अकरावीत असताना दिवेलागणीनंतरचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, मग फळ्यावरचं. बी.ए.ला असताना ती कॉलेजच्या पायऱ्यांवरून पडली आणि त्यानंतर घराबाहेर पडायचंच सोडून दिलं. तिचा थोरला भाऊ प्रशांत तिला एक दिवस जवळजवळ ओढतच मिरजेला अंधांसाठीच्या एका शिकवणीला घेऊन गेला. तिथं तिची स्क्रीन रीडरशी गाठ पडली. फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते वाचून दाखवणारा तो आवाज. बोट जिथं जाईल तिथलं तो बोलतो. सुरुवातीला तिला त्यातलं अक्षरही कळेना. मग कळायला लागलं, आणि मग तर ती तो इतक्या वेगात ऐकायला लागली की शेजारी बसलेल्याला नुसती कुजबुज वाटावी.

त्या आवाजाच्या जोरावर तिला मिरजेच्या एका खाजगी दवाखान्यात काम मिळालं. पेशंटचे फोन घ्यायचे आणि डॉक्टरांचे नंबर लावून द्यायचे. काम घरूनही करता यायचं. सांगलीत नदीकडच्या एका गल्लीत तिनं तळमजल्यावरची खोली भाड्यानं घेतली आणि सोबतीला बाळाबाईला, म्हणजे तिच्या आत्याला, गावाहून आणलं. आत्या विधवा, मूलबाळ नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकर धरून चालायची. ती शाळेत कधी गेली नव्हती. एकीला दिसत नाही, दुसरीला वाचता येत नाही. पण दोघींचं छान चाललं होतं. आत्या भाजी निवडता निवडता दारातलं सगळं सांगायची, कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या अंगावर नवी साडी आहे. आणि प्रियदर्शनी तिला फोनवरच्या बातम्या ऐकवायची.

पावसाळ्यात सांगलीकर एकच गोष्ट विचारतात, पुलाजवळ किती फूट झालं? प्रियदर्शनी ते 'पाणीवाट' नावाच्या एका संकेतस्थळावर बघायची. सरकारी नव्हतं ते. साताऱ्याकडच्या मेढ्याच्या एका माणसानं हौसेनं केलेलं होतं. वर जावळीत किती पाऊस पडला, धरणातून किती विसर्ग झाला, म्हणजे पाणी सोडलं, ते सातारा-कऱ्हाड करत सांगलीला कधी पोचेल, हे सगळं साध्या मराठीत तिथं असायचं. आकडे आवाजात नीट वाचून यायचे, म्हणून तिचा त्यावर फार विश्वास.

त्या ऑगस्टमध्ये पाऊस थांबायचं नाव घेईना. एका दुपारी गल्लीत सकाळपासून टेम्पोचे आवाज येत होते. आत्या दारातल्या खुर्चीवर बसून सांगत होती.

"शेजारच्या जयराजच्या घरातली समदी चालली बग. फ्रिज टेम्पोत टाकला त्यांनी."

"जाऊ दे गं आत्या. ती माणसं दरवर्षीच आधी जातात."

"आनि आपुन?"

"पुलाजवळ अजून एक्केचाळीस फूट हाय. आपल्या गल्लीत पाणी यायला त्रेचाळीस व्हावं लागतं. मी ऐकत बसलीया न्हवं का? काय झालं तर फोन सांगंल की."

तिनं पुन्हा बोट फिरवलं. आवाज म्हणाला, पातळी एक्केचाळीस फूट. पावसाची झड आत यायला लागली तसं तिनं आत्याला आत घेऊन दार लावलं, पान उघडंच ठेवून फोन दोघींच्या मधल्या स्टुलावर ठेवला आणि भात टाकायला उठली.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "प्रिये, फोनवर काय तरी आलं गं."

"काय आलं?"

"तांबडं. वरनं पट्टीगत खाली आलं. लिवल्यालं हाय त्यात." आणि लगेच, "गेलं बग."

प्रियदर्शनी हात पुसत आली. फोन उचलला, बोट वरून खाली फिरवलं. मथळा, पातळी एक्केचाळीस फूट, पाऊस, विसर्ग. सगळं मघाचंच. पट्टी नव्हती. "जाहिरात असंल," ती म्हणाली. आवाज काही बोलला नव्हता, आणि आवाज बोलला नाही म्हणजे काही झालं नाही, अशीच तिची इतक्या वर्षांची सवय.

थोड्या वेळानं आत्या पुन्हा म्हणाली, "आलं बग परत. तांबडंच."

या वेळी ती झटक्यात आली, पण बोट लागेपर्यंत पट्टी गेलेली. "आत्या, त्यात काय होतं? एखादं अक्षर तरी सांग. कसं होतं ते?"

"मला काय कळतंय गं त्यातलं," आत्या रडकुंडीला येऊन म्हणाली. "बारीक बारीक लिवल्यालं. आनि म्होरं एक उभी रेघ, तिच्याखाली टिंब."

म्हणजे उद्गारचिन्ह. प्रियदर्शनीनं जयराजच्या घरी फोन लावला, लागेना. घरमालकांना लावला, ते गावी. प्रशांतला लावला, नुसतंच टूं टूं. पंखा थांबला, लाइट गेली. आणि त्या शांततेत तिला न्हाणीघरातून एक आवाज ऐकू आला. कुणीतरी घशात गुळणी धरल्यासारखा. मोरीच्या भोकातून पाणी वर येत होतं.

तिनं तिथं जाऊन पाय टाकला तर घोटा बुडला. पाणी गार नव्हतं, कोमट आणि घाण वासाचं होतं. ती तशीच मागं वळली आणि दाराच्या चौकटीवर तिचं कपाळ आपटलं. स्वतःच्या घरात तिला असं कधी झालं नव्हतं.

"आत्या, ऊठ. ऊठ लवकर."

बाहेर गल्लीत पाणी गुडघ्याच्या खाली होतं, पण ओढ होती. गटारं उलटी वाहत होती. आत्या पुढं वॉकर टेकवत, प्रियदर्शनी मागून तिच्या कमरेला धरून, अशा दोघी निघाल्या. वॉकरचे पाय पाण्यात कुठं टेकतात ते आत्यालाही दिसत नव्हतं, सगळं गढूळ. प्रियदर्शनीला एकच गोष्ट आठवत होती. मागच्या महापुरात चेंबरची झाकणं पाण्यानं उचलली गेली होती आणि एक माणूस पाण्याखालच्या त्या भोकात गेला होता. प्रत्येक पाऊल टाकताना तिला वाटायचं, हेच ते. पाय खाली टेकला की तिच्या तोंडातून आपोआप 'हं' निघायचं.

"डावीकडं घे," आत्या म्हणायची, "न्हाई न्हाई, उजवीकडं, तितं भोवरा फिरतोय." मग आत्या गप्प झाली. 

"आत्या, बोल की. बोलत राहा. तू गप बसलीस तर मला काय बी कळत न्हाई."

"काय बोलू गं? माझा पाय उचलंना झालाय."

त्या दोघी तिथंच उभ्या राहिल्या. पाणी मांडीला लागलं. प्रियदर्शनी मोठ्यानं ओरडली, कुणी हाय का, म्हणून. स्वतःचा आवाज रिकाम्या घरांवर आपटून परत येतोय हे तिला समजलं, आणि गल्लीत आता कुणीच उरलेलं नाही हेही समजलं.

पण एक जण होता. कोपऱ्यावरचा रिक्षावाला लालासाहेब. रिक्षा उंचावर लावून तो घरातली गॅसची टाकी न्यायला परत आला होता. ओरडणं ऐकून तो पाणी कापत आला. काही न विचारता त्यानं आत्याला पाठीवर घेतलं आणि प्रियदर्शनीला म्हणाला, "ताई, माझ्या पट्ट्याला धरा आनि सोडू नगा." वॉकर तिथंच वाहून गेला. उंचावरच्या शाळेच्या पायरीवर आत्याला उतरवताना तो धापा टाकत म्हणाला, "आवं, एवढा वेळ कशापायी थांबलासा? मेसेज आला न्हवं का? धरणातनं पाणी वाढवलंय, खालच्या गल्ल्यांनी आत्ताच्या आत्ता निघा, म्हणून. त्या पाणीवाटवर समद्यांस्नी आला की."

तेच पान प्रियदर्शनीच्या फोनवर अजून उघडं होतं.

दोघी जगल्या वाचल्या. पाणी खिडकीपर्यंत चढलं आणि आठवड्यानं उतरलं. प्रशांत येऊन त्यांना कवठे महांकाळला घेऊन गेला. पण तिथल्या कोरड्या घरात प्रियदर्शनीला वेगळ्याच भीतीनं धरलं. पाण्याची ती भीती नव्हती. आपल्यासमोर किती पट्ट्या आल्या असतील आणि गेल्या असतील, ही होती. दवाखान्याच्या कामात नंबर लावला की 'नोंद झाली' असं कुठं तरी उमटत असेल का? 'नोंद झाली नाही' असं उमटून गेलं असेल तर? एखादा पेशंट आपल्या भरवशावर येऊन परत गेला असेल का? बँकेत? ती आत्याला शेजारी बसवायची आणि दर थोड्या वेळानं विचारायची, "काय आलं का? बघ ना, काय आलं का?" आत्या बिचारी डोळे फाडून फोनकडं बघत बसायची. ज्या आवाजावर तिनं आपलं सगळं आयुष्य उभं केलं होतं, तो गप्प असला की आता तिच्या अंगावर काटा यायचा.

शेवटी तिनं पाणीवाटवर दिलेल्या पत्त्यावर जे घडलं ते लिहून पाठवलं. रागानं नाही. 'तुमची तांबडी पट्टी माझ्या फोननं वाचली नाही, त्यामुळं आम्ही दोघी घरातच राहिलो,' एवढंच.

दुसऱ्या दिवशी फोन आला. तो माणूस धैर्यशील, मेढ्याचा, साताऱ्यात एका कंपनीत नोकरीला. त्याची बहीण सांगलीच्या खालच्या एका गावात दिली होती आणि मागच्या महापुरात ती तीन लेकरांना घेऊन गच्चीवर अडकली होती. आमच्या डोंगरात पाऊस पडतो आणि बुडतात ती खालची माणसं, तर निदान आधी सांगावं, म्हणून त्यानं हे सुरू केलं होतं. तो एका दमात बोलून गेला.

"ताई, मी बंद करतो हे. आजच बंद करतो. मला वाटलं होतं मी लोकांना वाचवतोय. उद्या कुणाचा जीव गेला तर मी काय करू?"

"बंद केलं तर मी काय ऐकू?" प्रियदर्शनी म्हणाली. "मला बाकी कुठलं आकडे नीट वाचून दाखवतंय? बंद करू नका, दादा. बोलतं करा."

पुढच्या रविवारी तो मोटारसायकलवरून कवठे महांकाळला आला. ओसरीवर बसून त्यानं प्रियदर्शनीला फोन हातात धरायला सांगितला आणि आपल्या लॅपटॉपवरून एक चाचणीचा इशारा सोडला. ती फोन तोंडासमोर धरून वाट बघत बसली. मान थोडी तिरकी, चेहऱ्यावर ऐकण्याचा भाव.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पाठवला का?"

धैर्यशील तिच्या फोनकडं बघत होता. पट्टी तिच्या अगदी नाकासमोर तांबडी होऊन आली होती आणि निघूनही गेली होती. आत्याच म्हणाली, "येऊन गेली, पोरी."

त्यानं लॅपटॉप मिटला.

दोष कुठं आहे हे प्रियदर्शनीलाही ठाऊक नव्हतं आणि त्यालाही. तो घरी गेला, वाचलं, इकडंतिकडं विचारलं, आणि त्याला कळलं की पडद्यावर मागाहून काही उमटलं तर ते स्क्रीन रीडरला आपोआप कळत नाही. हा भाग बदलला की वाचून दाखव, असं पान लिहिताना त्या भागाला आधीच सांगून ठेवावं लागतं. वाचणाऱ्याचं बोट तिथं नसलं तरी मग आवाज ते सांगतो. त्यानं ते केलं आणि आनंदानं फोन केला. प्रियदर्शनीनं पान उघडलं आणि फोन बोलायला लागला.

तो थांबेचना. मेढ्यात पाऊस इतका, कऱ्हाडला पातळी तितकी, माहिती अद्ययावत झाली, माहिती अद्ययावत झाली. ती पेशंटशी बोलत असताना मध्येच, आकडा ऐकत असताना त्याच्यावर चढून. दोन दिवस तिनं सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी पान बंद करून टाकलं. बंद केल्यावर तिला तीच जुनी धडकी भरली. आता खरंच काही आलं तर?

तिनं धैर्यशीलला फोन केला. "दादा, सगळंच ओरडून सांगितलं तर खरं ओरडणं कुठलं ते कसं कळायचं?"

मग दोघांनी बसून, म्हणजे ती कवठे महांकाळला आणि तो साताऱ्यात, फोनवर एकेक संदेश घेतला. कुठला संदेश किती घाईचा, हे ठरवताना भांडणंही झाली. विसर्ग वाढल्याची बातमी त्याला घाईची वाटायची. ती म्हणायची, नाही, माझं वाक्य संपल्यावर सांगितलं तरी चालेल, मी तेवढ्यात बुडत नाही. नुसते आकडे बदलले तर आवाजानं गप्प राहावं, ज्याला हवं तो बोट फिरवून ऐकेल. बोलणं तोडून मध्ये शिरायचा अधिकार एकाच संदेशाला, घर सोडायच्या. तो आला तरी तिचं बोट होतं तिथंच राहावं, पान तिला ओढून दुसरीकडं नेऊ नये. पट्टी आपण होऊन जाऊ नये, वाचणाऱ्यानं बंद केली तरच जावी. नुसत्या तांबड्या रंगावर भागू नये, पहिला शब्दच 'धोका' असावा. आणि येऊन गेलेले सगळे संदेश खाली एका मथळ्याखाली राहावेत, म्हणजे चुकलं तर परत ऐकता येईल.

हे सगळं झाल्यावर त्यानं पुन्हा चाचणी घेतली. या वेळी फोन बोलला. प्रियदर्शनी दचकली, हातातला पेला सांडला आणि मग ती कितीतरी वेळ रडत राहिली. पलीकडून धैर्यशील "ताई? ताई, काय झालं?" विचारत होता.

दवाखान्यात तिनं आपल्या कामाच्या प्रोग्रॅमबद्दलही विचारलं. तिथंही पट्टी येत होतीच, 'नोंद झाली' म्हणून. दोनदा 'झाली नाही' अशीही आली होती. ते दोन पेशंट सुदैवानं दुसऱ्या दिवशी परत आले होते आणि कुणी काही बोललं नव्हतं. ते ऐकून ती दिवसभर जेवली नाही.

पुढच्या वर्षी त्या दोघी सांगलीलाच परतल्या. काम सोडून चालणार नव्हतं आणि वरच्या मजल्यावर परवडेल अशी खोली आत्याच्या पायांमुळं घेता येत नव्हती. खोली त्याच गल्लीतली, थोडी रस्त्याकडची. जुलै उजाडला आणि प्रियदर्शनीची झोप उडाली. कुणी बादलीत पाणी ओतलं तरी ती उठून मोरीपाशी जाऊन उभी राहायची. फोन नीट बोलतोय की नाही म्हणून पुन्हा पुन्हा आवाज वाढवून बघायची. आत्या रागवायची, "अगं, त्याला बी जरा इसावा घेऊ दे." तिच्याही बोलण्यात जोर नसायचा.

महिन्याच्या शेवटी, दुपारी, ती आष्ट्याच्या एका आजोबांचा नंबर लावत होती. नाव झालं, वय झालं, कुठल्या डॉक्टरांना दाखवायचंय ते आजोबा आठवत होते. तेवढ्यात पाणीवाट उघडं ठेवलेल्या दुसऱ्या फोनचा आवाज मध्ये घुसला.

"धोका. नदीकाठच्या खालच्या गल्ल्या. विसर्ग वाढला आहे. पाणी संध्याकाळपर्यंत गल्लीत येईल. आत्ताच घर सोडा."

फोन गप्प होता तेव्हा निदान काही माहीत नव्हतं, आता सगळं माहीत होतं. "आजोबा, ठेवते," एवढंच म्हणून तिनं फोन कट केला. "आत्या, निघायचं. काय घेऊ नको. औषधाची पिशवी घे फक्त." लालासाहेबाला फोन लावताना तिचा नंबर दोनदा चुकला. तो रिक्षा घेऊन दारात आला तेव्हा गल्ली कोरडी होती, नुसता पाऊस होता. आत्या नव्या वॉकरसकट आत बसली. प्रियदर्शनीनं दाराला कुलूप लावलं आणि तीही आत बसली.

"भिऊ नगा, ताई. लय येळ हाय आपल्यापाशी," लालासाहेब म्हणाला.

ती रिक्षाच्या चाकाखाली पाण्याचा आवाज येतो का, तेवढंच ऐकत होती.

त्या संध्याकाळी पाणी गल्लीत आलं. त्या दोघी तेव्हा शाळेच्या वर्गात सतरंजीवर होत्या. धैर्यशीलचा फोन आला. "बोललं का?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "बोललं." तो पहाटेपासून लॅपटॉपपुढून उठला नव्हता.

फोन ठेवल्यावर तिला आष्ट्याचे आजोबा आठवले. नंबर अर्धाच लागला होता. मिरजेला पाणी नव्हतं, दवाखाना चालू होता. तिनं त्यांना परत फोन केला.

"आवं ताई, मगाशी मदीच का ठेवलासा? मला वाटलं, माझंच काय चुकलं."

"नाही, आजोबा. आमच्या गल्लीत पाणी येणार होतं."

"आरं देवा! आनि आता कुटं हायसा?"

"शाळेत. बरी आहे," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, कुठल्या डॉक्टरांना दाखवायचंय?"